राष्ट्रहित आणि मेलेलं हरीण

१४ सप्टेंबर, शनिवार

आज मला हवी ती नोकरी मिळाली, आणि ती घ्यावी की नाही हे मला ठरवता येत नाहीये, कारण मी राष्ट्रहिताची आहे.

हे मी म्हणत नाही. म्हणजे, मीच म्हटलंय, पण सरकारने ते मान्य केलंय. बाकीच्यांचं ग्रीनकार्ड त्यांची कंपनी मागते. 'ही बाई आम्हाला पाहिजे' असं कोणीतरी लिहून देतं. माझ्या कंपनीने दोन वर्षं 'बघू, बघू' केलं. तेव्हा मी तिरीमिरीत स्वतःच स्वतःसाठी अर्ज ठोकला. शाल्मली दाबके ही बाई हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलं जाणारं मीठ कमी करते, त्यामुळे तळी खारट होत नाहीत, विहिरी खारट होत नाहीत, मासे जगतात, म्हणून ही बाई इथे राहणं देशाच्या हिताचं आहे, असं. लग्नाचं आमंत्रण नाही म्हणून आपणच आपल्या नावाची पत्रिका छापून मांडवात शिरावं, तसला प्रकार. सोबत मोठमोठ्या लोकांची शिफारसपत्रं. त्यातली बहुतेक मीच लिहिली होती, त्यांनी सह्या केल्या. इथे तशीच पद्धत आहे, सगळेच करतात. 'डॉ. दाबके यांच्यासारखी प्रतिभा क्वचितच पाहायला मिळते' हे वाक्य टाइप करताना मी पायजम्यात होते आणि चहात खारी बुडवत होते.

तर ते राष्ट्रहित मंजूर झालं. आता दुसरा अर्ज, प्रत्यक्ष कार्डाचा, लटकलेला आहे. तो लटकलेला असताना कामाचा एक परवाना मिळतो, त्यावर कुठेही नोकरी करता येते. पण आत्तापर्यंत मी तो वापरलाच नव्हता. कंपनीच्या व्हिसाला चिकटून बसले होते. तो सोडला की पायाखाली फक्त हा लटकलेला अर्ज. तो नाकारला गेला, तर मी, माझा नवरा निरंजन, त्याची शाळेतली गणिताची नोकरी, सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा.

आणि नोकरी कुठली? नॉर्डबी नावाच्या गावात, वर उत्तरेला, जिल्ह्याच्या रस्ते खात्यात. मोठी कंपनी सोडून! पण इथे मी मिठावर अहवाल लिहिते, जे कोणी वाचत नाही. तिथे खरे ट्रक आहेत, खरं मीठ आहे, खरा बर्फ आहे. मला तिथे जायचंय. फार जायचंय.

वकीलबाईंना फोन केला. ओकाफोर बाई कधी फालतू बोलत नाहीत.

"तुमचा अर्ज कंपनीचा नाही, तुमचा आहे," त्या म्हणाल्या. "त्यामुळे नोकरी बदला, खुशाल बदला. पण काम बदलू नका."

"म्हणजे?"

"अर्जात जे काम करणार म्हणून लिहिलंय, तेच करत राहायचं. मालक कोण, याच्याशी सरकारला देणंघेणं नाही."

नोकरी बदला, काम बदलू नका. मी हे वाक्य फ्रिजवर चिकटवलंय.

१५ सप्टेंबर, रविवार

सासूबाईंचा चिपळूणहून फोन. निरंजनने त्यांना सांगून टाकलं, पोटात काही राहत नाही या माणसाच्या.

"घे बाई घे, नोकरी घे," म्हणाल्या. "कार्डाची काळजी नको. मी आहे ना!"

त्या आहेत म्हणजे काय, तर भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब आहे की माझा नंबर माझ्या नातवंडांच्या काळात लागला असता. पण नवऱ्याचा जन्म दुसऱ्या देशात झालेला असेल तर त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. आणि निरंजन जन्मला मस्कतला, कारण सासरे तेव्हा तिथे होते. ओमानची रांग म्हणजे रांगच नाही, दारात कोणी उभंच नाही.

"सगळे म्हणत होते बाळंतपणाला माहेरी जा," सासूबाई सांगत होत्या, मी हे तोंडपाठ सांगू शकते. "मी म्हटलं नाही! त्या उन्हात, तसल्या पोटाने, तिथेच राहिले. उगीच नाही राहिले. आज कळलं ना कशासाठी राहिले?"

माझी एवढी पीएचडी, एवढे लेख, आणि कार्ड येणार सासूबाईंच्या कळांमुळे. हसून हसून निरंजन पलंगावरून खाली आला.

नोकरी घेतली! पत्र पाठवलं! आता मी उडी मारलेली आहे आणि जमीन कुठे आहे ते दिसत नाहीये. फार मजा येतेय.

७ ऑक्टोबर, सोमवार

नॉर्डबीत बिऱ्हाड लागलं, निरंजनलाही इथे शाळा मिळाली. आज माझा पहिला दिवस. माझे साहेब म्हणजे व्हर्लिन टोलेफ्सन. साठीचे, उंच, हात फावड्याएवढे. इंग्रजीत सगळेच एका पातळीवर, पण माझ्या वहीत तरी मी त्यांना अहोजाहो करणार. माझं नाव त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, "शाल... शाल-मॉली," आणि मग म्हणाले, "मॉली. चालेल?"

चालेल. मी मॉली.

मी त्यांना माझी सगळी योजना सांगितली. बर्फ पडायच्या आधीच रस्त्यावर मिठाचं पाणी फवारायचं, नंतर कोरडं मीठ कमी लागतं. फार थंडी पडली की मीठ टाकायचंच नाही, ते नुसतं खड्यासारखं पडून राहतं आणि वसंतात तळ्यात जातं. मी हातवारे करून, खुर्चीवरून अर्धी उठून, फळ्यावर मासे काढून सांगितलं. ते सगळं ऐकून घेऊन व्हर्लिन म्हणाले, "बरं."

बस. बरं!

मग ड्रायव्हरांना भेटवलं. त्यांची म्होरकी डार्लीन. वीसेक वर्षं प्लाऊ चालवतेय, म्हणजे तो पुढे भलामोठा फाळ लावलेला बर्फ ढकलायचा ट्रक. तिने माझे बूट पाहिले, खालपासून वरपर्यंत मला पाहिलं आणि विचारलं, "हेच बूट आहेत का तुझ्याकडे?"

मी म्हटलं हो.

"हं," ती म्हणाली आणि गेली. आवडले नाहीत वाटतं तिला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज आमच्या ट्रकच्या डेपोत सगळ्यांनी घरून काहीतरी आणून एकत्र जेवायचं होतं. सगळ्यांनी एकच पदार्थ आणला होता, फक्त निरनिराळ्या भांड्यांत. खाली खिमा, वर बटाटे, मध्ये कसलंतरी डब्यातलं सूप. मी मोठं पातेलंभर साबुदाण्याची खिचडी नेली. दाण्याचं कूट घालून, वर कोथिंबीर, लिंबू.

डार्लीनने एक घास खाल्ला. बराच वेळ चावला. मग म्हणाली, "हे वेगळंच आहे हो."

बाकीचेही म्हणाले! "वेगळंच आहे." "कसं वेगळं आहे ना?" व्हर्लिनसुद्धा म्हणाले, "असलं कधीच खाल्लं नव्हतं मी." आणि या माणसाच्या तोंडून आठवड्यात 'बरं'पलीकडे काही निघालं नव्हतं! मी इतकी खूश झाले की जाहीर करून टाकलं, पुढच्या वेळी दुप्पट आणते. सगळे एकदम गप्प झाले. भारावलेच बिचारे.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आज घात झाला असता.

सकाळी मी डेपोत एकटी होते, फोन वाजला. कोणी बाई म्हणाली, तळ्याकडच्या वळणावर हरीण मरून पडलंय, उचला. आता हे रस्ते खात्याचंच काम, नाही कसं म्हणणार? मी गाडीची किल्ली हातात घेतली आणि एकदम फ्रिजवरचं वाक्य आठवलं. काम बदलू नका! अर्जात मीठ लिहिलंय. हरीण कुठे लिहिलंय?

फोन ठेवून तडक वकीलबाईंना फोन. त्या म्हणे मीटिंगमध्ये होत्या, पण मी म्हटलं तातडीचं आहे.

"ओकाफोर बाई, मेलेलं हरीण उचललं तर राष्ट्रहिताला बाधा येते का?"

पलीकडे मीटिंगवाल्यांना 'एक मिनिट' म्हटल्याचं ऐकू आलं.

"एक हरीण की रोज?" त्यांनी विचारलं.

"एकच. सध्या."

"हरीण मिठाने मेलं का?"

"गाडीने."

"उचला," त्या म्हणाल्या. "आणि शाल्मली, या फोनचं बिल मी लावणार नाही, कारण हे मी जन्मभर लोकांना सांगणार आहे."

तोपर्यंत व्हर्लिन वाटेत दिसलेलं ते हरीण उचलून परतसुद्धा आले होते आणि दारात उभं राहून माझा फोन ऐकत होते. मला म्हणाले, "तुला नको असेल तर ती कामं करू नकोस. तू मिठाचं बघ." म्हणजे मी कामचुकार वाटले त्यांना! मी त्यांना ग्रीनकार्ड, राष्ट्रहित, नोकरी आणि काम यातला फरक, सगळं समजावून सांगितलं. तळमळून सांगितलं. ते म्हणाले, "बरं."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पहिलं खरं वादळ! आदल्या दिवशी आम्ही हमरस्त्यावर मिठाचं पाणी फवारलं. ड्रायव्हर कुरकुरत होते. ओल्या रस्त्यावर बर्फ पडला की काच होते काच, म्हणे. आणि मग पहाटे बर्फ सुरू झाला तो असा, की समोरचं काही दिसेना. मी डार्लीनच्या ट्रकमध्ये तिच्या शेजारी बसले. फाळ खाली घातला आणि, अगं बाई! बर्फ खालून अलगद सुटून आला, लोण्यासारखा. खाली काळा डांबरी रस्ता! मी ओरडले. टाळ्या वाजवल्या. डार्लीनच्या दंडाला चिमटा काढला.

"बघ! बघ! बघ ना!"

"बघतेय," डार्लीन म्हणाली. "गाडी मीच चालवतेय."

थोडं पुढे गेल्यावर तिने न बोलता मिठाचं बटण फिरवून निम्म्यावर आणलं. मग आणखी खाली. मग रेडिओवरून बाकीच्यांना म्हणाली, "मॉली म्हणतेय ते करा." आणि बाकीच्यांनी केलं.

मी तरंगतच डेपोत परत आले. व्हर्लिन दारात उभे होते. रस्ता पाहून आले होते. मी म्हटलं, "कसं झालं?" त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"अगदीच वाईट नाही," म्हणाले.

अगदीच वाईट नाही!  इतकी वर्षं जे कागदावर लिहीत होते ते डोळ्यांसमोर घडलं आणि या माणसाला ते 'अगदीच वाईट नाही' इतकंच? जुन्या कंपनीत साहेब प्रत्येक इमेलला 'अप्रतिम!' म्हणून उत्तर द्यायचा, इमेल न वाचता. निदान म्हणायचा तरी. घरी येऊन निरंजनच्या गळ्यात पडून रडले. तो म्हणाला, "अगं, बघ थोडे दिवस." त्याला काय कळतंय.

५ डिसेंबर, गुरुवार

डेपोतले लोक माझी थट्टा करतात, आता खात्रीच झाली. आज गाडीची डिकी उघडली तर आत मांजराच्या शीची रेती, भलीमोठी पिशवी! आमच्याकडे मांजर नाही. सोबत एक फावडं आणि जुनं जाड ब्लँकेट. डार्लीनला विचारलं, हे तू ठेवलंस? ती म्हणाली, "असू दे डिकीत." याला काय अर्थ आहे?

आणि दुसरं म्हणजे, रोज कोणीतरी माझ्या गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर ओढून डेपोच्या भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसतं. मी संध्याकाळी निघताना काढते, दुसऱ्या दिवशी पुन्हा खुपसलेली. खोडसाळपणा. आज इतकी मरणाची थंडी होती की बँकेसमोर सगळ्यांच्या गाड्या नुसत्या खोकत होत्या. डेपोत माझी मात्र पहिल्या फटक्यात सुरू झाली. गुणाची आहे गाडी माझी. गाडी तरी.

खिचडी दुप्पट नेली होती. कोणीच फारशी घेतली नाही. आपल्याला पुरणार नाही म्हणून एकमेकांसाठी ठेवत असावेत. तेवढा चांगुलपणा आहे त्यांच्यात.

१९ डिसेंबर, गुरुवार

आलं. मुलाखतीचं बोलावणं आलं. जानेवारीत, आम्हा दोघांना. आजकाल पुष्कळांना बोलावतच नाहीत, आम्हाला बोलावलंय. का? नोकरी बदलली म्हणून. अजून कशाला? मी वाकून बसले होते खुर्चीत, निरंजनने पाणी आणून दिलं.

ओकाफोर बाई म्हणाल्या, घाबरू नका, तुमच्या नव्या साहेबांचं एक जोरदार पत्र लागेल. काम तेच आहे, आणि तुम्ही ते उत्तम करता, असं. "नेहमीसारखं तुम्हीच लिहा, त्यांची सही घ्या."

उत्तम करते असं व्हर्लिन टोलेफ्सन म्हणणार! झालं कल्याण.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "मुलाखतीत मला बोलवायचं असेल तर सांग. मस्कतचं मी सांगते त्यांना."

८ जानेवारी, बुधवार

पत्र लिहून नेलं. चांगलं तीन पानी. 'असाधारण', 'अतुलनीय', 'राष्ट्रीय महत्त्वाचं योगदान', सगळं घातलं. व्हर्लिननी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि वाचायला बसले. पहिलं पान वाचून वर बघितलं.

"मॉली, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"हो. का?"

"जिवंत माणसाबद्दल एवढं कोणी लिहीत नाही."

"अहो, असंच लिहितात! पद्धत आहे."

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"तुझ्याबद्दल?"

मला कानापर्यंत लाज वाटली. आत्तापर्यंत कधीच वाटली नव्हती. ते मान खाली घालून एकेक शब्द खोडायला लागले. 'असाधारण' गेला. 'अतुलनीय' गेला. 'प्रतिभा' दोनदा खोडला. दुसरं पान तर सगळंच गेलं. मी काकुळतीला आले. म्हटलं, "अहो, एक तरी राहू द्या! माझं सगळं यावर आहे. नाही मिळालं कार्ड तर आम्हाला देश सोडून जावं लागेल."

पेन्सिल थांबली.

"आणि मिळालं तर?" त्यांनी विचारलं.

"मिळालं तर काय! मग माणूस मोकळा. कुठेही जावं, काहीही करावं. ज्यांना मिळतं ते आधी नोकरी सोडतात, उड्या मारत जातात मोठ्या शहरात."

"हं," व्हर्लिन म्हणाले.  मग पेन्सिलला टोक काढलं, खरं तर टोक होतंच. म्हणाले, "खोटं मला लिहिता येत नाही. माझं मी लिहितो."

त्यांनी लिहिलं ते हे: 'मॉली आमच्याकडे मिठाचं काम बघते. यंदा मीठ पुष्कळ कमी लागलं. रस्ते चांगले राहिले. ड्रायव्हर तिचं ऐकतात. ती अगदीच वाईट नाही. व्हर्लिन टोलेफ्सन.'

हे पत्र! यावर माझं आयुष्य! ओकाफोर बाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "पुढचं पान वाचा." मी म्हटलं पुढचं पान नाही. त्यांनी देवाचं नाव घेतलं, त्यांच्या देवाचं.

मीच माझ्या हाताने घालवलं सगळं. चांगली कंपनी होती, चांगला व्हिसा होता.

२२ जानेवारी, बुधवार

लिहिते, लिहिते, सगळं लिहिते.

मुलाखत शहरात होती, आम्ही काल येऊन राहिलो होतो. रस्ते वाईट होते. वाटेत आमची गाडी बर्फात रुतली, चाकं गरागरा फिरतायत, गाडी जागची हलत नाही. निरंजन डिकी उघडून म्हणाला, "अगं, ही रेती चाकांखाली टाकायची असते!" टाकली, आणि गाडी निघाली. मी डार्लीनला मनात काय काय म्हटलं होतं ते आठवून तोंड लपवायची पाळी आली.

मुलाखत घेणारी बाई लिंडक्विस्ट नावाची, पन्नाशीची. चेहऱ्यावर काही नाही. शपथ झाली. आधी निरंजनला विचारलं, अगदी साधं, "तुम्ही कुठले?"

आणि माझा नवरा, गणिताचा शिक्षक, ताठ बसून म्हणाला, "चिपळूणचा."

मी डोळे मिटले. चिपळूणचा! जन्मात सलग महिनाभर राहिला नसेल तिथे! पण आपल्याला कोणी 'कुठले' विचारलं की मूळ गाव तोंडातून निघून जातं, काय करणार. ती बाई कागदांत बघायला लागली. पानं उलटली. "इथे मस्कत, ओमान लिहिलंय," म्हणाली. "कुठलं खरं?" ओकाफोर बाई शेजारी बसल्या होत्या, त्यांचं पेन खाली पडलं.

"मस्कत! मस्कत!" मी ओरडले. "चिपळूण म्हणजे याच्या आजोबांचं गाव! हा तिथला नाहीच, नुसता म्हणतो! जन्मदाखला बघा! सासूबाई बाळंतपणाला माहेरीसुद्धा गेल्या नाहीत!"

लिंडक्विस्ट बाईंनी जन्मदाखला पुढे ओढला. मग म्हणाल्या, "माझा नवरापण विचारलं की नॉर्वेचा म्हणून सांगतो. कधी गेला नाहीये." आणि जन्मदाखला बघून टिक केली. हुश्श!

मग माझी पाळी. नोकरी का बदलली? मी सांगितलं. काम तेच का? तेच. पुरावा? आणि ओकाफोर बाईंनी अगदी जड हाताने ते पत्र सरकवलं. मी जमिनीकडे बघत होते, फाटली तर जाईन खाली.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे कुठलं गाव? नॉर्डबी?" त्यांनी विचारलं. "मी तिथून जवळच वाढले. माझे वडील जन्मभर प्लाऊ चालवत होते." बोट पत्रावर ठेवलं. "ड्रायव्हर तुमचं ऐकतात? हे खरं आहे?"

"ऐकतात," मी म्हटलं. "डार्लीनने आधी ऐकलं, मग बाकीच्यांनी."

"माझ्या वडिलांनी माझ्या आईचं कधी ऐकलं नाही. मिठाच्या बाबतीत तर देवाचंही ऐकलं नसतं." त्या आणखी खाली वाचायला लागल्या आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "आणि 'अगदीच वाईट नाही'? हे त्यांनी स्वतः होऊन लिहिलं?"

मी घाईघाईने सांगायला लागले, की साहेब जरा तसेच आहेत, माझ्यावर फारसे खूश नाहीत, पण...

"बाई," त्या मला मध्येच थांबवून म्हणाल्या, "माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी माझ्याबद्दल एवढं म्हटलं असतं ना, तर मी चर्चमध्येच रडले असते."

मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं. मग सगळंच कळलं. एकदम. नोव्हेंबरचं वादळ, दारात उभे व्हर्लिन, काढलेली टोपी. गाडीची वायर! ती वायर गाडी गरम ठेवायला असते, अगं मूर्ख बाई! रोज लावत होते ते!

आणि त्याच क्षणी दुसरंही कळलं. 'हे वेगळंच आहे हो.' अरे देवा. दुप्पट! दुप्पट नेली होती मी!

सरकारी कचेरीत, झेंड्याखाली बसून, मी हसायला लागले ते थांबेना. निरंजन घाबरला. लिंडक्विस्ट बाई म्हणाल्या, निर्णय कळवू. पण त्याही हसत होत्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

मिळालं मिळालं मिळालं मिळालं मिळालं.

सासूबाईंना कळवलं. म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी शेजारपाजारी पेढे वाटले, आणि वाटताना म्हणे सांगत होत्या, "माझं कार्ड झालं."

निरंजन आणि मी स्वयंपाकघरात नाचलो. त्याचा पाय माझ्या पायावर पडला, नख निळं झालंय, चालेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डेपोत सगळ्यांना सांगितलं. डार्लीन म्हणाली, "ठीक झालं," आणि मला इतकी घट्ट मिठी मारली की बरगड्या वाजल्या. 'ठीक झालं'चा अर्थ आता मला लागतो! मी तिच्या पाठीवर थोपटून म्हटलं, खिचडी परत कधी आणणार नाही. ती म्हणाली, "तू फार चांगली मुलगी आहेस मॉली." हे मात्र अगदी सरळ बोलली.

जुन्या कंपनीच्या साहेबाचं इमेल आलं. कोणाकडून कळलं कोण जाणे. 'अप्रतिम! आता तू मोकळी आहेस. परत ये, वरच्या जागेवर.' बघा, आता मी हवी आहे. निरंजन म्हणाला, तू ठरव, मी दोन्हीकडे गणितच शिकवणार. मी ठरवलेलं नाही. खरंच मोकळी आहे मी, असं कधी वाटलंच नव्हतं, चक्कर येते विचार करून.

व्हर्लिन कुठे दिसले नाहीत दिवसभर.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळी बर्फ होता. एक ड्रायव्हर आजारी, म्हणून व्हर्लिन स्वतः ट्रक काढत होते. म्हणाले, "चल, तळ्याकडचा रस्ता बघून येऊ." मी शेजारी बसले.  मी न बोलता बसले, हे माझ्या माहेरी कोणाला खरं वाटणार नाही. बाहेर सगळं पांढरं, तळं पांढरं, आभाळ पांढरं, मधून आमचा रस्ता काळा.

"कार्ड मिळालं म्हणे," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे आता कुठेही जाता येतं."

"हो."

 फाळाचा आवाज तेवढा. त्यांनी वेग कमी केला, मग आणखी कमी केला, मग ट्रक थांबलाच. रस्त्याच्या मधोमध. समोर काही नव्हतं थांबण्यासारखं.

सात वर्षं मी या देशाला पत्रं लिहितेय, मला ठेवून घ्या, मला ठेवून घ्या, मी उपयोगाची आहे. माझी पत्रं, दुसऱ्यांच्या नावाची माझीच पत्रं. सगळ्यांनी परवानगी दिली, शिक्के दिले, मंजुऱ्या दिल्या. पण मागत मीच होते. पलीकडून कोणी काही म्हटलं नव्हतं.

व्हर्लिन समोर काचेतून बघत होते. माझ्याकडे नाही.

"राहा," म्हणाले.

आणि लगेच हात लांब करून रेडिओ लावला, मोठ्याने, डुकरांचे बाजारभाव सांगत होते त्यावर, म्हणजे मला काही बोलायला नको आणि त्यांना काही ऐकायला नको.

मी रेडिओ बंद केला.

"राहते," म्हटलं.

"बरं," व्हर्लिन म्हणाले, आणि रेडिओ पुन्हा लावला. गाडी सुरू केली. डुकरं जरा महागली होती.